पुराच्या पाण्यातून चालावं लागलं तर: निघण्याआधी, पाण्यात आणि पुढचे ३० दिवस

पूर ओसरला की बडोद्यात सगळ्या घराचं लक्ष गाळ काढण्याकडे लागतं. पाण्यातून चालून आलेल्या माणसाकडे मात्र कोणी बघत नाही. तो पायांवर दोन तांबे पाणी ओततो, चहा घेतो आणि पाय नीट कोरडे व्हायच्या आत हातात खराटा धरतो. आठ-दहा दिवसांनी ताप भरतो तेव्हा पुराचं पाणी त्याच्याही डोक्यातून गेलेलं असतं, त्यामुळे डॉक्टरांना ते सांगायचं राहून जातं.

२०२४ चा पूर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि गणेश चतुर्थी होती ७ सप्टेंबरला. लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा ताप पाण्यात उतरल्यापासून बहुधा ५ ते १४ दिवसांत येतो. म्हणजे तो नेमका मखर, नैवेद्य आणि पाहुण्यांच्या धावपळीत गाठतो. पोटऱ्या दुखतात, अंग मोडून येतं, आणि घरातले म्हणतात, ‘दगदग झाली, झोप काढ.’ त्यात जे तीन-चार दिवस जातात, ते उपचाराच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचे असतात.

पुढचे टप्पे त्याच क्रमानं पाळा. क्रम उलटा झाला की बरीच मेहनत वाया जाते.

## १. उतरायचंच का, हे आधी ठरवा

आपल्याकडचं पुराचं पाणी म्हणजे निव्वळ पावसाचं पाणी नव्हे. विश्वामित्री नदी भरली की भूखी, मसिया, रूपारेल या कांसांमधून, म्हणजे शहरातल्या नाल्यांमधून, पाणी उलटं सोसायट्यांत शिरतं. येताना गटारं, उकिरडे, गुरांचे गोठे आणि उंदरांची बिळं धुऊन घेऊन येतं. उंदीर, कुत्री आणि गुरं यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हा जंतू पाण्यात आणि चिखलात उतरतो. तो पायाच्या भेगांतून, खरचटल्यातून, पाण्यात मऊ पडलेल्या कातडीतून आणि डोळे, नाक, तोंड यांच्या ओल्या आवरणातून शरीरात शिरतो. दिसण्याजोगी जखम असायलाच हवी असं नाही. ओल्या मातीत हा जंतू कित्येक आठवडे तग धरतो, म्हणून पाणी उतरल्यावरचा गाळही तितकाच धोक्याचा.

या लोकांनी पाण्यात उतरू नये, त्यांचं काम दुसऱ्यानं करावं:

- मधुमेह असलेले, विशेषतः ज्यांच्या पायांना बधिरपणा आहे. खिळा टोचलेला त्यांना कळतच नाही.
- पायावर उघडी जखम, खोल भेगा किंवा चिघळलेल्या चिखल्या असलेले.
- गरोदर स्त्रिया, लहान मुलं, आणि डायलिसिसवर किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधांवर असलेले.

थांबा: पाणी गुडघ्याच्या वर असेल, वाहत असेल किंवा अंधार पडला असेल तर उतरू नका. वाहतं पाणी वीतभर असलं तरी पाय उचलून नेतं. समा, फतेहगंज, सयाजीगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर या नदीलगतच्या भागांत मगरी पाण्याबरोबर वस्तीत येतात. गढूळ पाण्यात मगर दोन हातांवर असली तरी दिसत नाही. अशा ठिकाणी बचाव पथकाच्या नावेची वाट बघणं हाच शहाणपणा आहे.

## २. तयारी: पाण्यात जाण्याआधीची २० मिनिटं

पहिलं काम विजेचं. घरात पाणी शिरायची चिन्हं दिसताच मेन स्विच बंद करा. स्विचबोर्ड ओला झाला असेल किंवा तुम्ही पाण्यात उभे असाल, तर त्याला हात लावू नका. वीज कंपनीला कळवा आणि दूर व्हा.

मग पाय. चांगल्या उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासा. लहानसा ओरखडाही पाण्याला दाद न देणाऱ्या पट्टीनं झाका आणि चारही कडा दाबून चिकटवा. साध्या कापडी पट्ट्या पाच मिनिटांत भिजतात आणि घाण पाणी जखमेवर धरून ठेवतात. त्यापेक्षा पट्टी नसलेली बरी.

पायात काय घालायचं, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. रबरी स्लिपर चिखलात रुतून सुटते आणि पुढचं पाऊल काचेवर पडतं. गमबूट उत्तम, पण पाणी त्याच्या काठाच्या खाली असेल तोवरच. काठावरून एकदा पाणी आत गेलं की तेच घाण पाणी तासभर पायाला चिकटून राहतं आणि बूटही जड होतो. पाणी पोटरीपर्यंत येणार असेल तर जाड तळव्याचे, घट्ट नाडीचे जुने बूट घाला, आत मोजे आणि वर फुल पँट. पाय भिजतील, पण फाटणार नाहीत. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळल्यानं कातडी कमी मऊ पडते; जंतू त्यानं अडत नाहीत.

बरोबर घ्या: पाच फुटी काठी, प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन आणि टॉर्च, प्यायच्या पाण्याची झाकणाची बाटली.

दारापाशी, पाण्याच्या पातळीच्या वर, आधीच तयार ठेवा: दोन बादल्या स्वच्छ पाणी, साबण, जुना पंचा, कोरडे कपडे, कचऱ्याची मोठी पिशवी, पोव्हिडोन आयोडीन. ही मांडणी आधी केली नाही तर माणूस चिखलाच्या पायांनी घरभर साबण शोधत फिरतो.

## ३. पाण्यात असताना

1. एकटे जाऊ नका. दुसरा माणूस चार-पाच पावलं मागे ठेवा, खांद्याला खांदा लावून चालू नका. पुढच्याचा पाय खड्ड्यात गेला तर मागचा तरी घट्ट जमिनीवर हवा.
2. काठी पुढे टेकवा, जमीन लागली की मगच पाऊल टाका. गटाराची झाकणं पाण्याच्या दाबानं उचलली गेलेली असतात. पाणी एका जागी गरगर फिरताना किंवा बुडबुडताना दिसलं तर तिथून चांगलं लांब व्हा.
3. पाय उचलून आपटू नका, जमिनीलगत सरकवा. शिंतोडे कमी उडतात आणि काच किंवा खिळा बुटाच्या टोकाला आधी लागतो.
4. विजेचा खांब, लोखंडी फाटक, रस्त्यावरची डीपी यांना हात नाही. पायात मुंग्या आल्यासारखं किंवा झिणझिण्या जाणवल्या तर आल्या वाटेनं लगेच मागे फिरा.
5. हात तोंडाला, डोळ्यांना लावू नका. पाण्यात उभं राहून तंबाखू मळणं किंवा वडापाव खाणं म्हणजे गटाराचं पाणी पोटात घेणं. कावीळ, टायफॉइड, जुलाब याच वाटेनं येतात.

तपासा: पाण्यात राहायचा वेळ ठरवून घ्या. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. कातडी पांढरी पडून सुरकुतली की जंतूंना आत जायला वाट सोपी होते.

## ४. बाहेर आल्यावरची पहिली ३० मिनिटं

हा भाग सगळेच करतात आणि बहुतेकांचा क्रम चुकतो. पाय आधी धुतले जातात आणि त्याच हातांनी तोंडावर पाणी मारलं जातं.

1. आधी हात. उंबऱ्याबाहेरच कोपरापर्यंत साबण लावून धुवा. त्यानंतरच कशाला हात लावा.
2. बूट, मोजे, पँट बाहेर काढा. कपडे थेट पिशवीत. मोजा वरून खाली गुंडाळत काढा, ओढू नका. ओढल्यावर मऊ पडलेली कातडी टाचेच्या भेगेपाशी सोलून निघते.
3. चेहरा आणि डोळे स्वच्छ पाण्यानं धुवा.
4. पाय, मांड्यांपासून खाली. आधी नुसत्या पाण्यानं चिखल काढा, मग साबणाचा फेस दोन मिनिटं चोळा. चिखलावरच साबण लावला तर तो कातडीपर्यंत पोहोचत नाही. जमलं तर पूर्ण आंघोळ करा. डेटॉलच्या पाण्यात पाय बुडवून बसायची गरज नाही. साबण आणि भरपूर पाणी पुरे.
5. कोरडं करा. पंचाचं टोक बोटाभोवती गुंडाळा आणि करंगळीच्या बेचकीपासून एकेक बेचकी पुसत या. चौथ्या बोटाच्या आणि करंगळीच्या मधली जागा सगळ्यात घट्ट असते. ती तशीच ओली राहते आणि चिखल्या तिथूनच सुरू होतात.
6. उजेडात तपासा. तळवा दिसत नसेल तर आरसा खाली ठेवा किंवा दुसऱ्याला बघायला सांगा.

चिखल्या झाल्याच तर पाय कोरडे ठेवून क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा लावा. खाज थांबली तरी दोन ते चार आठवडे लावत राहा. दुकानदार सहज जी ‘सगळ्यावर चालणारी’ मलमं हातात ठेवतात, त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी दुप्पट पसरते.

## ५. जखम झाली असेल तर

स्वच्छ वाहत्या पाण्याखाली साबणानं ५ ते १० मिनिटं धुवा. वर दिसणारा कचरा काढा, पण खोल रुतलेली काच किंवा खिळा उपसू नका. पोव्हिडोन आयोडीन लावून जाळीच्या पट्टीनं सैलसर झाका. हळद, चुना, टूथपेस्ट, कॉफी यांपैकी काहीही भरू नका. घाण आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम परत उकरावी लागते.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचा हिशेब असा: पुराच्या पाण्यात झालेली जखम घाण जखम धरली जाते. शेवटच्या डोसाला ५ वर्षांहून जास्त झाली असतील तर नवा डोस घ्या. लहानपणचे डोस पूर्ण झालेत की नाही हे माहीत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण तेव्हा लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागू शकतं.

कुत्रं चावलं तर जखम १५ मिनिटं धुवा आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, दोरी आवळणं यातलं काही करू नका. पाय न हलवता, १०८ ला फोन करून थेट सयाजी हॉस्पिटलसारख्या मोठ्या रुग्णालयात न्या. मगरीचा चावा वरून छोटा दिसला तरी आत खोल आणि अतिशय घाण असतो. तोही दवाखान्याचाच विषय.

लगेच डॉक्टर: जखमेभोवतीची लाली तासातासाला पसरत असेल, सूज ताठ आणि गरम असेल, ताप आला असेल, किंवा दिसणाऱ्या जखमेच्या मानानं वेदना खूपच जास्त असेल. लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढून वेळ लिहून ठेवा. लाली रेघेच्या बाहेर गेली की निघा.

## ६. डॉक्सीसायक्लिन: गोळी बरोबर, पद्धत चूक

लेप्टो टाळण्यासाठी मोठ्या माणसाला डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदा देतात, म्हणजे १०० च्या दोन गोळ्या एकाच वेळी. पाण्यातून आल्यावर २४ ते ७२ तासांत ती घ्यायची. गाळ काढण्याचं काम चालू राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तेवढाच डोस, डॉक्टर सांगतील तितके आठवडे. पूर येण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा, म्हणजे ऐनवेळी दुकानात विचारत बसावं लागणार नाही.

चुका कुठे होतात:

- एकच १०० ची गोळी घेणं, किंवा आज एक, उद्या एक. दोन्ही एकदमच घ्यायच्या आहेत.
- रोज घेणं. ही टाळण्याची मात्रा आठवड्याची आहे. झालेल्या आजाराची मात्रा वेगळी असते.
- चहाच्या घोटाबरोबर घेऊन आडवं होणं. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, दोन दिवस गिळताना जीव जातो. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास बसून किंवा उभं राहा.
- दूध, ॲसिडिटीचं औषध, लोह किंवा कॅल्शियमची गोळी बरोबर घेणं. डॉक्सी रक्तात नीट जात नाही. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.
- घरातल्या सगळ्यांना वाटून देणं. गरोदर बाई, ८ वर्षांखालचं मूल आणि ज्याला पूर्वी या गटातल्या औषधाची रिॲक्शन आली आहे, यांना देऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी विचारा. या सगळ्यांसाठी डॉक्टर दुसरं औषध ठरवतात.

गोळी घेतल्यानं धोका कमी होतो, संपत नाही. पुढचा आठवा टप्पा गोळी घेतलेल्यांनाही तितकाच लागू आहे.

## ७. घरची टाकी: साफ केल्याशिवाय पाणी पिऊ नका

सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पूर शिरला असेल तर नळाचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वापरू नका. टाकी साफ होईपर्यंत प्यायचं पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर आणखी किमान एक मिनिट उकळा, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाकून ३० मिनिटं थांबा. आरओ मशीन बुडालं असेल तर त्यातले फिल्टर बदलल्याशिवाय चालू करू नका.

1. मोटरची वीज बंद करा, पाणी आणि गाळ पूर्ण उपसा. बंद टाकीत विषारी वायू साठतो आणि प्राणवायू कमी पडतो. आत उतरायचं असेल तर सगळी झाकणं उघडून बराच वेळ वारा खेळू द्या आणि वर माणूस उभा ठेवा. आतला माणूस गुंगला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. अग्निशमन दलाला बोलवा. खोल टाकीसाठी साधनं असलेली माणसंच बोलवा.
2. भिंती आणि तळ ब्रशनं घासा, धुऊन तेही पाणी बाहेर काढा.
3. स्वच्छ पाण्यानं भरा. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजून गुणा, मग २८.३ नं गुणा, म्हणजे लिटर मिळतात. ६ × ५ × ५ फुटांची टाकी साधारण ४,२५० लिटरची.
4. ताज्या ब्लीचिंग पावडरचं प्रमाण १,००० लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे या टाकीला सुमारे ६४० ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता.
5. घरातले सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून १२ ते २४ तास ठेवा. गच्चीवरची टाकी आणि पाइप यानंच धुतले जातात. हे पाणी पिऊ नका.
6. सगळं पाणी सोडून द्या आणि टाकी नव्यानं भरा. पुढचे काही आठवडे रोजच्या पाण्याला १,००० लिटरला ५ ग्रॅमपर्यंत पावडर, अर्धा तास थांबून वापर.

तपासा: पावडर ओली, गोळे झालेली किंवा वास उडालेली असेल तर तिच्यात दम नाही, नवी आणा. महापालिकेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडे क्लोरीन तपासायचं साधन असतं. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन लागायला हवं, पुरानंतर ०.५ असलेलं चांगलं.

थांबा: ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. निघणारा वायू फुप्फुसं जाळतो. फरशीसाठी लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम पावडर, गाळ पूर्ण धुऊन झाल्यावर. गाळावर टाकलेली पावडर फुकट जाते. हातमोजे आणि बूट इथेही हवेतच.

## ८. पुढचे ३० दिवस

पाण्यात शेवटचा पाय टाकला ती तारीख कॅलेंडरवर लिहा. गाळात काम केलेला शेवटचा दिवसही याच हिशेबात धरा. तिथून ३० दिवस मोजून दुसरी खूण करा. घरातल्या प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवा.

या काळात ताप आला की या खुणा बघा: पोटरी बोटांनी दाबल्यावर सणकून दुखणं, डोळे लाल होणं पण चिपडं नसणं, जोराची डोकेदुखी, थंडी वाजणं. ताप एकदा उतरून परत चढू शकतो, म्हणून ‘उतरला, बरं झालं’ म्हणून नोंद बंद करू नका. ३० दिवसांनंतरही कावीळ उशिरा येऊ शकते: अ आणि ई प्रकारच्या काविळीला दोन ते आठ आठवडे लागतात. गरोदर बाईला ई कावीळ फार धोक्याची, तिला तातडीनं दाखवा.

ताप आल्यावर:

- त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जुलाब होत असतील तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात; अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट असा अंदाज करू नका.
- दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. हाच मोसम डेंग्यूचाही असतो. या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढतो, लेप्टोत मूत्रपिंडावर ताण पडतो. डॉक्टरांना भेटेपर्यंत मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तास. डोळे पिवळे दिसत असतील तर तीही न विचारता घेऊ नका.
- घरात पडलेलं जुनं अँटिबायोटिक सुरू करू नका.
- लेप्टोची आयजीएम ही रक्ताची तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. त्या कागदावर विसंबून उपचार थांबवू नका. डॉक्टर लक्षणांवरून औषध सुरू करतात आणि गरजेनुसार तपासणी परत करायला सांगतात.

डॉक्टरांसमोर बसल्यावर तापाच्या आकड्याच्या आधी हे सांगा: ‘अमुक तारखेला पुराच्या पाण्यात इतका वेळ होतो, पायाला जखम होती किंवा नव्हती, डॉक्सी अमुक दिवशी घेतली किंवा घेतली नाही.’ चिठ्ठीवर लिहून नेलं तर उत्तम, कारण तापात आजारी माणसाला तारखा आठवत नाहीत आणि बरोबर आलेल्याला त्या माहीत नसतात.

लघवी कमी झाली किंवा गडद झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, यांतलं एक जरी झालं तरी सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि आयसीयू असलेल्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत रात्रीच न्या.